‘आढळले नाही’ असे लिहिण्यापूर्वी

मे महिन्यातील एका शुक्रवारी संध्याकाळी मी एका विश्लेषण अहवालावर सही केली आणि शनिवारी दुपारी तोच अहवाल परत मागवला. मधल्या वेळेत नमुन्यात काही बदलले नव्हते. त्या अहवालातील तीन आकडे शेजारी शेजारी ठेवून वाचण्याचे काम मी सही करण्याआधी करायला हवे होते, ते दुसऱ्या दिवशी झाले, एवढाच काय तो फरक. त्यानंतरच्या पाच आठवड्यांत जे केले आणि जे शिकले, ते या कामात नव्याने येणाऱ्या मुलामुलींच्या उपयोगी पडेल असे वाटल्यामुळे सविस्तर लिहून ठेवत आहे.

पुण्याजवळच्या एका खासगी प्रयोगशाळेत औद्योगिक घातक कचऱ्यातील बाष्पनशील सेंद्रिय संयुगे, म्हणजे रोजच्या बोलण्यात ज्यांना आम्ही व्हीओसी म्हणतो ती, मोजण्याचे काम माझ्याकडे आहे. तो नमुना चाकण परिसरातील एका कारखान्यातून आला होता. वाहनांच्या सुट्या भागांना रंग देताना ते भाग ज्या हँगरांवर टांगलेले असतात, त्या हँगरांवरही प्रत्येक फेरीत रंगाचा थर चढत जातो. थर जाड झाला की हँगर रंग उतरवणाऱ्या द्रावणाच्या टाकीत बुडवून ठेवतात. त्या द्रावणाचा मुख्य घटक डायक्लोरोमिथेन. बाजारात आणि कारखान्यांत त्याला सगळे एमडीसी म्हणतात. रंग फुगून पापुद्र्यांसारखा सुटतो आणि टाकीच्या तळाशी रंगाचे तुकडे, पाणी, मेण आणि एमडीसी यांचा चिकट गाळ साचतो. हा गाळ 18 पिंपांत भरून ठेवला होता आणि त्याची विल्हेवाट कोणत्या मार्गाने लावायची, हे आमच्या अहवालावरून ठरणार होते.

4 एप्रिल 2016 रोजी अधिसूचित झालेल्या घातक कचरा नियमांप्रमाणे असा गाळ कारखान्याच्या आवारात साधारणपणे 90 दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. धातूंच्या पृष्ठभागावरील प्रक्रियांतून निघणारा कचरा म्हणून तो अनुसूची 1 प्रमाणे मुळातच घातक ठरतो. त्यासाठी वेगळ्या चाचणीची गरज नसते. चाचणी लागते ती पुढच्या प्रश्नासाठी: हा गाळ सामायिक विल्हेवाट केंद्राच्या सुरक्षित लँडफिलमध्ये पुरता येईल, की त्याला इन्सिनरेटरमध्ये जाळावे लागेल? जाळण्याचा खर्च पुरण्यापेक्षा बराच जास्त असतो, त्यामुळे कारखान्याला कोणते उत्तर हवे असते, हे सांगायला नको. त्यात दोष देण्यासारखे काही नाही. मात्र व्हीओसीच्या मोजणीतील बहुतेक चुका एकाच दिशेने होतात. नमुना हाताळताना जे उडून जाते ते आकड्यातून वजा होते. बाहेरून येऊन भर पडण्याचे प्रसंग त्या मानाने फारच थोडे. म्हणजे चूक झाली की आकडा कमी येतो, आणि कमी आकड्याने कारखान्यासह सगळेच खूश होतात. जास्त आलेल्या आकड्यावर चार जण शंका घेतात, पुन्हा चाचणी मागतात. कमी आलेला आकडा कोणी उलटून पाहत नाही. म्हणून तो आपणच उलटून पाहायचा असतो, आणि त्या शुक्रवारी मी तो पाहिला नव्हता.

नमुना कारखान्याच्याच माणसाने आणला होता. रुंद तोंडाची पॉलिथिनची बरणी, निम्मी भरलेली, दुपारच्या उन्हात पिकअपमधून आलेली. एमडीसी 39.6 अंश सेल्सिअसला उकळते. मे महिन्यात पुण्याच्या आसपास पारा त्याच्या जवळ पोहोचतो आणि बंद गाडीत त्याच्याही पुढे जातो. शिवाय पॉलिथिन एमडीसीला पूर्ण अडवू शकत नाही. ते बरणीच्या भिंतीतूनच हळूहळू बाहेर पडत राहते. अर्ध्या रिकाम्या बरणीत तर झाकण लावलेले असले तरी वरची मोकळी जागा त्याच्या वाफेने भरते आणि झाकण उघडले की ती वाफ निघून जाते.

आमच्या प्रयोगशाळेत ती बरणी ज्या वाटेने फिरली, ती वाटही चुकीची होती, आणि या बाबतीत कारखान्याकडे बोट दाखवण्याचा मला अधिकार नाही. आल्याच्या पहिल्या तासात वाळवणीतील घट, आम्लता आणि पाण्याचे प्रमाण काढण्यासाठी ती उघडली गेली. दुसऱ्या दिवशी ज्वलनबिंदूसाठी, म्हणजे गाळाची वाफ ज्वाळेने कोणत्या तापमानाला पेट घेते ते पाहण्यासाठी, मग उष्मांकासाठी. तिसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलावर आली तेव्हा तिचे झाकण चौथ्यांदा उघडले जात होते. सर्वांत आधी ज्याला हात लागायला हवा ते सर्वांत शेवटी मोजले जात होते, केवळ गॅस क्रोमॅटोग्राफची, म्हणजे मिश्रणातील संयुगे वेगळी करून मोजणाऱ्या यंत्राची, खोली मजल्याच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि नोंदवहीत तिचा रकाना शेवटचा आहे म्हणून.

मी गाळाचा थोडा भाग मिथेनॉलमध्ये हलवून घेतला, त्याचा अर्क हेडस्पेसच्या कुपीत (जिच्यातील द्रवावरची वाफ यंत्र ओढून घेते) पाण्यात घातला आणि पहिली फेरी लावली. आलेखावर एमडीसीचे शिखर इतके प्रचंड आले की त्याचा माथाच सपाट झाला. हे अपेक्षित होते. म्हणून अर्क 1000 पट विरल केला, पुन्हा लावला आणि एमडीसी 0.9 टक्के असा सुबक आकडा मिळाला. यादीतील इतर संयुगांपुढे यंत्राच्या संगणकाने ‘आढळले नाही’ असे छापले. त्या ओळींत ट्रायक्लोरोइथिलीन हे दुसरे क्लोरीनयुक्त द्रावकही होते.

आता हे ‘आढळले नाही’ कसे तयार होते ते पाहावे. विरलन न करता आमच्या पद्धतीने किलोमागे 0.1 मिलिग्रॅमपर्यंतचे ट्रायक्लोरोइथिलीन खात्रीने सांगता येते. अर्क 1000 पट विरल केला की ही सीमा 1000 पट वर सरकते, म्हणजे 100 मिलिग्रॅमवर जाते. त्याखाली कितीही असले तरी यंत्र गप्प राहते. अहवालाच्या शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरांत ‘100’ असे छापलेले होते. मी खोटे काही लिहिले नव्हते. परंतु या कामात ज्या प्रश्नाचे उत्तर हवे होते त्याची सीमा 10 होती.

ही 10 कुठून आली, हे सांगायला हवे. लँडफिलमध्ये पुरलेल्या कचऱ्यातून पाणी झिरपले तर त्यात काय उतरेल याचा अंदाज घेण्यासाठी टीसीएलपी नावाची निक्षालन चाचणी आहे. ती मूळ अमेरिकेतील पर्यावरण संरक्षण संस्थेची. आपल्या 2016 च्या नियमांतील अनुसूची 2 चा अ वर्गही निक्षालनातील मर्यादांवरच आधारलेला आहे. या चाचणीत ट्रायक्लोरोइथिलीनची मर्यादा लिटरमागे 0.5 मिलिग्रॅम आहे. कचऱ्याच्या वजनाच्या 20 पट द्रव वापरला जात असल्यामुळे, घन गाळातील सगळेच्या सगळे संयुग पाण्यात उतरले तरी त्याची तीव्रता एकूण प्रमाणाच्या विसाव्या हिश्शापेक्षा जास्त होऊ शकत नाही. म्हणून गाळात किलोमागे 10 मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर निक्षालन चाचणी करण्याची गरजच उरत नाही. जास्त असेल तर ती करावीच लागते. माझ्या अहवालात ‘100 च्या खाली’ असे होते. त्यातून 10 च्या वरखालीविषयी काहीच कळत नव्हते. तरीही तो कागद वाचणाऱ्याला ‘ट्रायक्लोरोइथिलीन नाही’ असाच अर्थ लागला असता, आणि खरे सांगायचे तर सही करताना मलाही तसाच लागला होता.

चूक लक्षात आली ती वेगळ्याच निमित्ताने. शनिवारी सकाळी नव्याने रुजू झालेल्या मुलीला आकड्यांचा मेळ कसा घालायचा हे शिकवत होते आणि हाताशी होता म्हणून हाच अहवाल घेतला. 105 अंशांवर वाळवल्यावर गाळाच्या वजनात 31 टक्के घट झाली होती. कार्ल फिशर पद्धतीने काढलेले पाणी 24 टक्के होते. म्हणजे पाण्याखेरीज सुमारे 7 टक्के दुसरे काहीतरी उडाले होते. गॅस क्रोमॅटोग्राफने त्यातले 0.9 टक्के दाखवले होते. तिने वहीत वजाबाकी केली आणि विचारले, “मॅडम, मग उरलेले सहा टक्के कुठे गेले?”

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. काही हिस्सा मिथेनॉलचा असू शकतो, हे ध्यानात आले. रंग उतरवणाऱ्या द्रावणात एमडीसीबरोबर मिथेनॉल घालतात, आणि आम्ही अर्क काढायला मिथेनॉलच वापरल्यामुळे ते आम्हाला दिसणेच शक्य नव्हते. पण सहा टक्के सगळे मिथेनॉल असेल तर ज्वलनबिंदूच्या चाचणीत काहीतरी जाणवले असते. ती चाचणी 60 अंशांपर्यंत निर्विघ्न पार पडली होती, आणि तिच्यावरही आम्ही नको तेवढा विश्वास टाकला होता. एमडीसीला ज्वलनबिंदू सापडत नाही. क्लोरीनयुक्त द्रावक साध्या ज्वाळेने सहसा पेट घेत नाहीत. टोल्युइन किंवा झायलीनने भिजलेला गाळ या चाचणीत लगेच पकडला जातो, एमडीसीने भिजलेला गाळ मात्र सुखरूप सुटतो. ‘पेटत नाही’ याचा अर्थ ‘द्रावक नाही’ असा होत नाही, हे मी परीक्षेत लिहिले असते. कागदावरच्या हिरव्या खुणेपुढे ते सुचले नाही.

आमच्या विभागप्रमुखांना मी घरी फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एकच विचारले, “अहवाल गेला का?” गेला होता. दुपारी कारखान्याच्या पर्यावरण अधिकाऱ्यांना कळवले की या अहवालावर विसंबून काहीही करू नये, आम्ही स्वखर्चाने पुन्हा नमुने घेऊ. ते नाराज झाले. त्यांच्या 90 दिवसांपैकी 50 संपले होते. “सही केलेला अहवाल आहे, मग तो चुकीचा कसा?” असे त्यांनी विचारले, आणि ते विचारण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता.

दुसऱ्या खेपेला नमुने घ्यायला आम्ही स्वतः गेलो. सकाळी साडेसहाला काम सुरू केले, पत्र्याची शेड तापण्याआधी. एमडीसीची वाफ हवेच्या जवळजवळ तिप्पट जड असते. ती वर जाऊन विरत नाही, पिंपांच्या मधल्या खोलगट जागेत बसून राहते. त्यामुळे आधी शेडची दोन्ही दारे उघडून जमिनीलगत पंखे लावले. कार्बनचा साधा डबा बसवलेला मुखवटा लावून जाण्याचा मोह टाळला, कारण इतक्या कमी तापमानाला उकळणाऱ्या द्रावकाला तो फार वेळ अडवत नाही. नळीने बाहेरची शुद्ध हवा पुरवणारे मुखवटे नेले होते. हातमोज्यांचेही तसेच आहे. निळे नायट्राइलचे मोजे एमडीसी काही मिनिटांत ओलांडते, म्हणून आत अनेक पदरी प्लॅस्टिकचे मोजे आणि वर नायट्राइलचे घातले.

एक गोष्ट इथे मुद्दाम नोंदवते, कारण ती अनेकांना फसवते. वाफ मोजण्यासाठी हातातले प्रकाश-आयनीकरण यंत्र, ज्याला सगळे पीआयडी म्हणतात, आम्ही बरोबर नेले होते. त्यातला नेहमीचा दिवा 10.6 इलेक्ट्रॉन व्होल्टचा असतो. एमडीसीच्या रेणूचे आयनीकरण व्हायला 11.3 लागतात. म्हणजे एमडीसीने काठोकाठ भरलेल्या पिंपावर हे यंत्र धरले तरी ते त्याच्यासाठी आंधळेच असते. ट्रायक्लोरोइथिलीनला मात्र साडेनऊच्या आसपास पुरतात, त्यामुळे ते दिसते. कारखान्यातील सुरक्षा विभागाकडे याच दिव्याचे यंत्र होते आणि शेडमधील रोजचे शून्याजवळचे आकडे त्यांनी वहीत इमानाने लिहून ठेवले होते. त्या वहीतील आकडे पाहून मला वाईट वाटले. त्या शेडमध्ये रोज माणसे काम करत होती. 11.7 चा दिवा वापरा किंवा कार्बनच्या नळ्यांवर हवेचे नमुने घ्या, असे मी लेखी कळवले.

पिंपाचे बूच पितळी पान्याने सावकाश उघडायचे, आत दाब असेल तर तो सुटू द्यायचा, मगच झाकण काढायचे. नंतरचे काम मात्र सावकाशीचे नसते. टोक कापलेली सिरिंज गाळात दाबून सुमारे 5 ग्रॅमचा गोळा काढायचा आणि तो थेट कुपीत सोडायचा; त्या कुपीत 10 मिलिलिटर मिथेनॉल आधीच भरलेले आणि वजन करून ठेवलेले असते. झाकण लावले की त्यातले काही उडत नाही, कारण मिथेनॉल त्याला धरून ठेवते. पिंपाचे तोंड उघडल्यापासून कुपी बंद होईपर्यंत काही सेकंद जातात, आणि मोजणीचे भवितव्य त्या सेकंदांत ठरते. पुढे यंत्र लाखोंचे असो की कोटींचे, जे पिंपाच्या तोंडाशी हवेत गेले ते त्याला परत आणता येत नाही.

प्रत्येक पिंपातून वरून, मधून आणि तळातून असे तीन गोळे घेतले. हे सगळे एका बादलीत कालवून एकच प्रातिनिधिक नमुना करावा, असे कारखान्याच्या पर्यवेक्षकांनी सुचवले. धातूंच्या चाचणीसाठी मी ते मान्य केले असते. व्हीओसीसाठी बादलीत कालवणे म्हणजे उडवून लावणेच. एकत्र करायचेच असेल तर ते प्रयोगशाळेत मिथेनॉलच्या अर्कांचे करावे. सगळ्या कुप्या बर्फाच्या पेटीत ठेवल्या. त्यांच्या सोबत न उघडलेली मिथेनॉलची एक कुपी प्रयोगशाळेतून निघून शेडपर्यंत जाऊन परत आली, वाटेत बाहेरून काही आत शिरते का हे पाहण्यासाठी. ती स्वच्छ निघाली.

प्रयोगशाळेतली आमची कोरी फेरी, म्हणजे नमुना न घालता लावलेली, मात्र स्वच्छ निघाली नाही; तिच्यात एमडीसी दिसले. दोन दालनांपलीकडे कीटकनाशकांचे अर्क काढायला एमडीसीच वापरतात आणि वातानुकूलनाची नळी सामायिक आहे. आकडा अगदी किरकोळ होता, गाळातील टक्क्यांपुढे नगण्य. तरीही ती नळी बंद करून घेतली आणि पुढे गेलो, कारण उद्या याच यंत्रावर कोणाच्या तरी विहिरीचे पाणी लागणार होते.

विरलनाचा पेच आता दोन फेऱ्यांत सोडवला. एमडीसीसाठी अर्क पुष्कळ विरल करून एक फेरी. ट्रायक्लोरोइथिलीनसाठी केवळ 20 पट विरल करून दुसरी, म्हणजे सांगता येणारी सीमा 2 मिलिग्रॅमवर आली, 10 च्या पुरेशी खाली. 20 पट विरलनात एमडीसीचा लोंढा येणारच होता. पण क्रोमॅटोग्राफच्या स्तंभातून ते लवकर बाहेर पडते आणि ट्रायक्लोरोइथिलीन बऱ्याच नंतर. म्हणून एमडीसी येण्याच्या मिनिटांत स्तंभाच्या टोकाला संयुगे ओळखणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरचा फिलामेंट बंद ठेवला आणि तो लोंढा ओसरल्यावर सुरू केला. प्रत्येक फेरीनंतर कोऱ्या पाण्याची फेरी लावली आणि आधीच्या नमुन्याचा अंश शिल्लक नाही याची खात्री झाल्यावरच पुढचा नमुना घेतला. 54 कुप्यांना त्यामुळे पाच दिवस लागले. काही अर्कांत आम्ही ट्रायक्लोरोइथिलीनची ठरावीक मात्रा मुद्दाम घालून ती परत किती सापडते हे पाहिले. 91 ते 97 टक्के सापडली. ही तपासणी पहिल्या खेपेला केली असती तर 1000 पट विरलनात घातलेली मात्राच दिसली नसती आणि चूक तिथेच उघडी पडली असती. मिथेनॉलसाठी वेगळा नमुना पाण्यात घेऊन ते सुमारे दीड टक्का असल्याचे काढले.

18 पैकी 13 पिंपांत ट्रायक्लोरोइथिलीन 10 च्या खाली होते. उरलेल्या पाच पिंपांत किलोमागे 12, 14, 29, 41 आणि 63 मिलिग्रॅम. एमडीसी सगळ्याच पिंपांत तीन ते चार टक्के.

पहिल्या आकड्याचे नेमके काय झाले होते, हे मला स्वतःला पाहायचे होते. म्हणून 41 मिलिग्रॅमच्या पिंपातून एक पॉलिथिनची बरणी जुन्या रीतीने अर्धी भरून आणली होती. ती तीन दिवस टेबलावर ठेवली, रोजच्या कामासारखी उघडली आणि चौथ्या उघडण्याला तिचा नमुना घेतला. मिथेनॉलच्या कुपीत 3.9 टक्के असलेले एमडीसी बरणीत 1.1 टक्के भरले. ट्रायक्लोरोइथिलीन 41 चे 17 झाले. रंगातून आलेले झायलीन 2600 चे 1900. एमडीसी 39.6 अंशांना उकळते, ट्रायक्लोरोइथिलीन 87 ला, झायलीन 140 च्या आसपास; जितके हलके तितके जास्त पळाले, अगदी याच क्रमाने. मोजणीतील साधी गफलत अशी रांगेत उभी राहत नाही. एमडीसीचा जवळजवळ पाऊण हिस्सा आमच्या टेबलावर, आमच्या नाकासमोर, खोलीच्या हवेत गेला होता. ही तीन आकड्यांची चिठ्ठी मी क्रोमॅटोग्राफच्या खोलीच्या दारावर लावली आणि त्या आठवड्यापासून आमच्याकडे व्हीओसीचा नमुना सर्वांत आधी निघतो, स्वतंत्र काचेच्या कुपीत. दुसऱ्या कोणत्याही चाचणीसाठी ती कुपी उघडायची नाही.

पाच पिंपांची निक्षालन चाचणी राहिली होती. व्हीओसीसाठी ती साध्या बाटलीत करून चालत नाही. पोलादी नळकांड्याच्या आत सरकता दट्ट्या असलेले पात्र लागते, ज्यात गाळ आणि द्रव यांच्यावर हवेची पोकळी अजिबात राहत नाही. 25 ग्रॅम गाळ आणि त्याच्या 20 पट द्रव, म्हणजे 4.93 सामू (पीएच) असलेले ॲसिटिक आम्लाचे द्रावण. गाळातील रंगाचे पापुद्रे थंड कात्रीने चटकन कापून घेतले. दळणे वर्ज्य, कारण दळताना उष्णता निर्माण होते. मग दट्ट्या वर आणून उरलेली हवा बाहेर काढायची, झडप बंद करायची आणि पात्र मिनिटाला 30 फेऱ्यांनी 18 तास फिरवायचे. संध्याकाळी पाचला लावले तर दुसऱ्या दिवशी अकराला उतरवायचे. उतरवल्यावर पहिले काम म्हणजे आत दाब टिकून आहे का ते पाहणे. दाब गेला असेल तर गळती झाली, आणि चाचणी नव्याने करावी लागते. पहिल्याच रात्री एका पात्राचा दाब गेला. एमडीसीने दट्ट्याची गळती रोखणारी कडी फुगवली होती. त्यानंतर प्रत्येक चाचणीला नवी कडी घातली.

लिटरमागे 0.3, 0.4, 0.8, 1.3 आणि 2.2 मिलिग्रॅम. पाचपैकी तीन पिंपे 0.5 च्या वर.

हा आकडा ओलांडला तर काय बिघडते, असे मला एकदा एका नातेवाइकांनी विचारले होते. ट्रायक्लोरोइथिलीन पाण्याच्या दीडपट जड असते. ते जमिनीत झिरपले तर पाण्यावर तरंगत नाही. भूजल ओलांडून खाली खडकाच्या भेगांत जाऊन बसते आणि तिथून वर्षानुवर्षे थोडे थोडे विरघळत राहते. प्राणवायू नसलेल्या थरात जिवाणू त्याचे एकेक क्लोरीन काढत जातात आणि वाटेत व्हायनिल क्लोराइड तयार होते, ज्याची निक्षालनातील मर्यादा 0.2 म्हणजे आणखी कडक आहे. ट्रायक्लोरोइथिलीन माणसात कर्करोग निर्माण करते, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2012 साली ठरवले. दख्खनच्या बेसाल्टात भेगांतूनच पाणी फिरते, आणि आपल्या खेड्यांतल्या विहिरी त्याच भेगांना लागलेल्या असतात.

निकाल घेऊन मी कारखान्यात गेले तेव्हा पर्यावरण अधिकारी म्हणाले, “पण आम्ही ट्रायक्लो वापरतच नाही.” खरेदीच्या नोंदी त्यांनी समोर ठेवल्या आणि त्या खऱ्या होत्या. सर्वांत जुने ऑपरेटर काका मागे उभे होते. त्यांनी सांगितले की आवारात पूर्वी भाग धुण्याची वाफेची टाकी होती. ती मोडीत काढली तेव्हा तळाशी उरलेला माल या रंग उतरवण्याच्या खड्ड्यात ओतला होता. कोणी लपवले नव्हते, कोणी विचारलेही नव्हते. ती पाच पिंपे खड्ड्याच्या त्याच कोपऱ्यातून भरलेली होती, हे त्यांच्या हाताने पिंपांवर लिहिलेल्या क्रमांकांवरून जुळले.

सुधारित अहवालात मी प्रत्येक संयुगापुढे तीन रकाने केले: सापडलेले प्रमाण, या नमुन्यापुरती खात्रीने सांगता येणारी सीमा, आणि ज्या मर्यादेशी तुलना करायची आहे ती. सीमा मर्यादेपेक्षा मोठी असेल तर ‘आढळले नाही’ असे छापायचेच नाही. ‘या विरलनात सांगता येत नाही, फेरचाचणी आवश्यक’ असे छापायचे. आधीचा अहवाल रद्द केल्याचे कारणही त्यात सविस्तर लिहिले. त्या परिच्छेदाखाली सही करताना विभागप्रमुखांनी एक शब्दही बदलला नाही.

रांजणगावच्या सामायिक केंद्रातील तांत्रिक अधिकाऱ्यांनी अहवाल वाचून सांगितले की एवढे क्लोरीनयुक्त द्रावक असलेले एकही पिंप लँडफिलला घेता येणार नाही, तीनही नाहीत आणि उरलेली पंधराही नाहीत. सिमेंट भट्टीचा पर्याय कारखान्याने विचारला होता, पण क्लोरीनमुळे भट्टीच्या वरच्या भागात क्षारांचे थर साचतात, त्यामुळे तोही मागे पडला. 18 पिंपे इन्सिनरेटरकडे गेली, जिथे दुसऱ्या कक्षात 1100 अंशांच्या आसपास तापमान राखून निघणारे हायड्रोक्लोरिक आम्ल धुऊन काढण्याची सोय आहे. वाहतुकीच्या मॅनिफेस्टवर तारीख पडली तेव्हा 90 दिवसांपैकी 86 झाले होते.